एकोणीस पाट

मला माहीत होतं. एवढं कबूल करायला इतकी वर्षं लागली, आणि आजही ते तोंडानं जमत नाही, कागदावरच जमतं आहे. आमच्या काजूच्या कारखान्यात कामाला माणसं किती, असं सरकारी फॉर्मनं विचारलं तेव्हा मी 'एकोणीस' लिहिलं. पुढे कोणी तो विषय काढलाच, तर 'आम्ही गावातली माणसं, कायद्यातलं आम्हाला काय कळतंय' म्हणून मोकळा होत असे. बायकोलाही तेच सांगितलं. त्या दिवशी कारखान्यात एकतीस बायका कामाला होत्या. बारा मी गाळल्या. त्या बारांतल्या एकीबद्दल मला लिहायचं आहे. तिचं नाव इथं घालत नाही. जिथं घालायला हवं होतं तिथं घातलं नाही. इथं घालून तिच्यावर उपकार केल्यासारखं दाखवायचं नाही.

अडाणीपणाचं सोंग मला कसं शोभलं, याचं आज नवल वाटतं. गावी येण्यापूर्वी मी मुंबईत एका पेढीवर सात वर्षं कारकुनी केली होती. हजेरीपट माझ्याच हातचा असे. दर महिन्याला माझ्या पगारातून फंड कापला जाई, तेवढाच पेढी स्वतःचा घाली, आणि वडील गेल्यावर नोकरी सोडून मी परत आलो तेव्हा तो सगळा एकरकमी हातात पडला. भाजणीची पहिली लोखंडी कढई मी त्या पैशातून घेतली. म्हणजे फंड काय असतो, तो कोणासाठी असतो आणि त्यात नाव असणं म्हणजे काय, हे आमच्या सगळ्या गावात माझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

वडिलांचा खोबऱ्याचा व्यापार होता. तो मोडकळीला आलेला होता आणि मला त्यात गम्य नव्हतं. कट्टा गावाहून मालवणला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत, आमच्या आंब्याच्या कलमांच्या खालच्या अंगाला एक जुना मांगर होता. त्यात पूर्वी गवत, नांगर, तुटकी होडगी असलं काय काय पडलेलं असे. तो मी झाडून घेतला, मागच्या बाजूला भट्टी घातली आणि काजू फोडायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी चार बायका होत्या.

ज्यांनी काजू फक्त शिऱ्यात पाहिला आहे त्यांना सांगतो. बी आधी कढईत भाजायची. भाजताना तिच्या सालातून काळं तेल सुटतं, ते पेटतं, त्याचा धूर डोळ्यांत आणि घशात बसतो. मग ती बी राखेत लोळवून निववायची आणि दगडावर ठेवून लाकडी थापीनं फोडायची. थाप अशी पडायला हवी की साल फुटेल आणि आतला गर अख्खा राहील. गर तुटला की त्याचा भाव उतरतो. सालातलं तेल हाताला लागलं की कातडी जळते, काळी पडते, सोलून निघते. बायका बोटांना राख लावून बसत. लग्नकार्यात आमच्या गावची बाई ओळखायची झाली तर तिच्या बोटांकडे बघावं. मेंदी त्या बोटांवर रंगत नसे, आणि त्या हसून म्हणत, आमका वर्सभर मेंदी.

प्रत्येकीला बसायला फणसाच्या लाकडाचा एक पाट, समोर एक दगड आणि एक थापी. पाटांच्या दोन रांगा होत्या. सुतारानं एकोणीस पाट केले, कारण मांगरात तेवढेच मावत. आता इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण मी जे केलं ते त्या रीतीच्या आडोशानं केलं. पाट बाईचा नसे, घराचा असे. एखाद्या घरची बाई एकदा पाटावर बसली की तो पाट त्या घराचा झाला. ती बाळंत झाली, तापानं पडली, लावणीला गेली, तर तिची जाऊ, नणंद, सून, जी मोकळी असेल ती येऊन बसे. कोणी मला विचारत नसे. हजेरीपटावर पहिल्या बाईचं नाव असे आणि काम त्या नावावर चढे. पुढे काम वाढलं तसं एका पाटाच्या घरातून दोघी येऊ लागल्या. एक पाटावर फोडायला, दुसरी पडवीत गरांची तांबडी साल सोलायला. नाव मात्र एकच. त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मला सोयीचं होतं.

त्या बारांतली ती अशीच आली. वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी भातशेताच्या, कडेला त्यांचं घर. तिची सासू माझ्याकडे अगदी पहिल्या चौघींपैकी, दाराजवळच्या पाटावर बसणारी, तोंडानं फटकळ आणि हातानं चोख. थोरला मुलगा मुंबईत गिरणीत. त्याचं लग्न झालं, आणि पंधरा दिवसांनी तो परत गेल्यावर म्हातारी नव्या सुनेला घेऊन कारखान्यात आली. मला म्हणाली, हिका घरात बसान काय करूचा आसा, बसवा. आणि सुनेला आपल्या पाटावर बसवून स्वतः पडवीत सोलायला गेली. त्या दिवसापासून सहा वर्षं, एक दिवस सोडला तर, त्या पाटावर म्हातारी बसली नाही. हजेरीपटावर मात्र रोज तीच बसत होती.

सुनेचा हात मी तसा पुन्हा पाहिला नाही. थापी उचलली न उचलली वाटायचं आणि अख्खा गर बाजूला पडलेला असायचा. ती बोलायची फार, पण मान वर न करता. मी हजेरी घ्यायला गेलो आणि सासूचं नाव पुकारलं की पाटावरून 'ओ' ती देई आणि पडवीतून म्हातारी ओरडे, माझ्या नावाक ओ देणारा कोण ता? सगळ्याजणी हसत. मीही हसत असे. सहा वर्षं तो विनोद रोज चालला.

त्या काळात एक छापील पत्र आलं. नवीन राज्य होऊन थोडेच दिवस झाले होते. पत्रात होतं की ज्याच्याकडे वीस किंवा जास्त माणसं कामाला असतील त्यानं मालक म्हणून स्वतःची नोंद करावी, माणसांची नावं, त्यांच्या बापांची किंवा नवऱ्यांची नावं, कामाला लागल्याची तारीख असं सगळं कळवावं आणि त्यांच्या नावे फंड भरायला लागावं. सोबत फॉर्म. एक रकाना मला अजून दिसतो: विसावं माणूस कोणत्या तारखेला कामाला लागलं?

मी तो फॉर्म घेऊन मालवणला गेलो. कोर्टाच्या आवाराबाहेर एक म्हातारे गृहस्थ टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहून देत. पूर्वी कुठल्यातरी कचेरीत होते. मला लिहिता येत होतं. त्यांच्याकडे जायची गरज नव्हती. पण मला वाटतं, हे करू नको असं कोणीतरी म्हणावं, किंवा कर म्हणावं, म्हणून मी गेलो. त्यांनी हजेरीपट चाळला, वजनाची वही चाळली. दाराजवळच्या पाटाच्या नावावर बोट ठेवून विचारलं, "ह्या म्हातारेक हात किती आसत?"

मी म्हटलं, दोन.

"मगे ह्या काम चार हातांचा आसा." त्यांनी चष्मा काढला. "पाट मोजू नको रे. माणसां मोज. कायद्यात पाट नाय."

मी म्हटलं, आमच्याकडची रीतच तशी आहे, पाटाला एक नाव. ते म्हणाले, रीत बायकांची आहे, फॉर्म तुझा आहे, सही तू करणार. मग, गिऱ्हाईक दुखावून त्यांचंही चालत नव्हतं म्हणून असेल, म्हणाले की बघायला इन्स्पेक्टर येऊ शकतो एवढं ध्यानात ठेव. फॉर्म त्यांनी लिहिला नाही. मी घरी येऊन स्वतः लिहिला. 'एकोणीस'. आणि वर एक ओळ जास्तीची: सबब नोंदीची आवश्यकता दिसत नाही.

का, याचं उत्तर मी स्वतःला अनेक तऱ्हांनी दिलं आहे. धंदा नवा होता. वेंगुर्ल्याचे मोठे कारखानदार आमच्यासारख्यांना कच्ची बी मिळू देत नव्हते. एकदा कचेरीच्या वहीत नाव गेलं की संडास बांधा, पाण्याची सोय करा, रजा द्या असं एकामागून एक येणार होतं. हे सगळं खरं आहे. पण मला परवडलं असतं, हेही खरं आहे. मी त्याच वर्षी घरावर मंगलोरी कौलं घातली.

मग मी त्या बारा जणींना बोलावलं. म्हटलं, कधी कोणी साहेब आला आणि विचारलं, तर तुम्ही कामाला नाही. घरच्या बाईला जेवण घेऊन आलात, एवढंच सांगायचं. एकीनं विचारलं, खोटा कित्याक? मी म्हटलं, नाहीतर कारखाना बंद करतील. ही माझी दुसरी लबाडी. कारखाना बंद करण्याचं कुठंच लिहिलेलं नव्हतं.  दाराजवळच्या पाटावरची सून तेवढी म्हणाली, "जेवाण कसला हाडलंय ता पण सांगा शेटानू, नायतर सायब टोप उघडून बघतलो."

इन्स्पेक्टर आला तो उन्हाळ्याच्या तोंडाला. भला माणूस होता. रस्त्यापासून चालत आला, घामाघूम झाला होता. तो मालवणात उतरल्याची खबर आदल्या दिवशीच लागली होती, म्हणून मी म्हाताऱ्या, मूळच्या बायकांना पाटांवर बसवलं होतं आणि बाकीच्यांना कलमांखाली पाठवलं होतं. दाराजवळच्या पाटावर सासू. पाच वर्षांत तिचा हात गेलेला, तिनं पहिल्याच थापेला अंगठा ठेचून घेतला. साहेबानं पाट मोजले. पडवीशी सून उभी होती, हातात टोप. तिला कलमांखाली जायला सांगितलं होतं, पण सासूला जमेल की नाही या काळजीनं ती गेली नव्हती. साहेबानं विचारलं, बाई, तुम्ही इथं काय करता? तिनं पदर सारखा केला आणि मान खाली घालून सांगितलं की सासूला जेवण घेऊन आले. असं सांगितलं की मलाही क्षणभर खरं वाटलं. साहेब कोकमाचं सरबत पिऊन गेला.

तो रस्त्याला लागला. मग म्हातारी अंगठा चोखत म्हणाली, "सुनेन माका कधी ताट वाढूक नाय. आज सरकारान वाढूक लावल्यान." त्या हसण्यानं मांगराचे वासे हलले. मी भट्टीकडे जाऊन उभा राहिलो. मला सुटल्यासारखं वाटत होतं, ते मी लपवत नाही.

पुढच्या उन्हाळ्याची गोष्ट. लग्नसराई होती आणि ठेक्यानं भाजून देणारा, हजेरीपटाबाहेरचा गडी भाचीच्या लग्नाला शिरोड्याला गेला होता. मालाची बोट गाठायची होती. मी स्वतः भाजायला उभा राहिलो. मला त्याचा सराव नव्हता. कढई भरली होती, तेल सुटायला लागलं होतं, आणि ती एका बाजूला कलायला लागली. मी मांगराच्या दारातून आत पाहिलं. दाराजवळच्या पाटावर म्हातारीची सून. मी म्हटलं, "गो, जरा कान धर हय."

ती पाटावरून उठली, फडकं घेतलं आणि कढईचा कान धरला. तेल पेटलं तेव्हा मी हात सोडला. तिनं सोडला नाही. सोडला असता तर सगळी कढई माझ्या पायांवर आली असती. तिला हे कळलं होतं की काय, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. तिनं कढई सरळ केली आणि मग ओरडली. काळं तेल मनगटापासून बोटांपर्यंत चिकटलं होतं आणि जळत होतं. म्हातारीनं धावत येऊन त्यावर राखेची टोपली उपडी केली.

मालवणच्या दवाखान्यात आम्ही तिला बैलगाडीतून नेलं. बाजूला म्हातारी, पुढं मी. सगळ्या वाटेत ती एकदाच बोलली. पाटावरचे गर राखेत पडले असतील, ते कोणाला तरी उचलायला सांगा, म्हणाली.

डॉक्टरांनी हात धुतला, मलम लावून बांधला आणि म्हणाले, भाजल्याची केस आहे, जबाब घ्यावा लागेल. हवालदार आला. खाटेशेजारी स्टूल ओढून बसला. काही वाईट वागला नाही. नाव विचारलं, नवऱ्याचं नाव म्हातारीनं सांगितलं. मग लिहिता लिहिता त्यानं विचारलं, "तू तिथं कामाला होतीस?"

मी दाराच्या चौकटीत उभा होतो. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, विनवणीही नव्हती. हजेरीला नाव पुकारल्यावर कोणी बघावं तसं. काय सांगायचं, एवढंच विचारत होती. मी काही बोललो नाही. मान हलवली असती तरी पुरलं असतं.

"नाय," ती म्हणाली. "सासूक जेवाण घेवन गेल्लंय."

हवालदारानं ते लिहिलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "बरोबर ना, शेट?"

मी 'होय' म्हटलं.

म्हातारी खाटेच्या पायथ्याशी बसली होती. तिनं डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला. त्यानंतर माझ्याशी ती कामापुरतंच बोलली.

दवाखान्याचा, औषधाचा खर्च मी केला. पावसाळ्याभर त्यांच्या घरी तांदूळ पोचवला. आणि मग जे झालं ते मला सर्वांत जास्त लागलं आहे. गावात माझं नाव झालं. कारखाना बंद पडेल या भीतीनं कामावरच्या बायका बाहेरही तेच सांगत होत्या. बाई याच्याकडे कामालासुद्धा नव्हती, सासूला जेवण द्यायला आलेली, तरी बघा शेटांनी किती केलं. देवळात मला लोक पुढं बसवू लागले. तिचा नवरा रजा काढून गिरणीतून आला. हात जोडून माझ्या पडवीत उभा राहिला आणि म्हणाला, तुम्ही होतात म्हणून. मी त्याला बस म्हटलं. चहा दिला. तो चहा पिऊन गेला. मी तेवढंच केलं.

हात बरा झाला, पण बोटं एकमेकांना धरून आत वळली. थापी त्यात राहत नव्हती. तिनं एकदा येऊन प्रयत्न केला. माझ्या देखत नाही. मी बाजारात गेलो असताना. मागाहून कोणीतरी सांगितलं की थापी दोनदा खाली पडली आणि तिसऱ्यांदा तिनं ती स्वतःच बाजूला ठेवली.

त्या साली दिवाळीनंतर मी रत्नागिरीला गेलो. एस.टी.तून उतरलो तो सरळ कचेरीत. नोंद करायची, सगळ्यांची, असं ठरवून गेलो होतो. कारकून माझ्यापेक्षा लहान, नीटनेटका. मी सांगितलं, माझ्याकडे आता माणसं तीस आहेत. त्यानं नवा फॉर्म काढला आणि एकेक रकाना स्वतःच विचारत गेला. मालकाचं नाव. धंदा. पत्ता. मग तोच रकाना आला. विसावं माणूस कामाला कधी लागलं?

तिथंच मला सांगता आलं असतं. सगळं तोंडाशी आलं होतं. पण खरी तारीख सांगितली की मागचा फॉर्म खोटा ठरत होता, आणि मागची वर्षं उघडली की त्यांत ती येणार होती, आणि ती आली की हवालदाराच्या कागदावरचं माझं 'होय' येणार होतं. मी म्हटलं, या दिवाळीला. पाडव्याला.

"त्यापूर्वी कोणी होतं? सोडून गेलेलं?"

"नाही."

त्यानं लिहिलं. मग टिपकागद दाबत, माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं असेल की तो सगळ्यांनाच तसं सांगत असेल, म्हणाला, "कोणाचं राहून गेलं असलं तर मागाहूनही कळवता येतं. तुमच्या सहीचं पत्र लागेल. कोण, कधीपासून कधीपर्यंत, काय काम, एवढं लिहायचं. आम्ही बघू." मी बरं म्हटलं. परतीच्या वाटेवर गाडी बंद पडली. सगळे उतरून झाडाखाली बसले, मी गाडीतच बसून राहिलो.

नोंदीचा क्रमांक आला तो मी पाटीवर रंगवून मांगराच्या दाराशी लावला. नावं घ्यायच्या दिवशी कारखान्यात सणासारखं झालं. तीसही जणी धुतलेली लुगडी नेसून आल्या. ज्या सुना आजवर सासवांच्या नावाला 'ओ' देत होत्या त्यांनी पहिल्यांदा स्वतःची नावं सांगितली. लग्नातलं नाव सांगू की माहेरचं, यावर चेष्टा झाली. नवऱ्यांची नावं एकमेकींनी सांगितली. शाईच्या पॅडवर अंगठे उमटले. राखेनं आणि तेलानं खाल्लेल्या अंगठ्यांवर रेषाच नव्हत्या. कितीतरी जणींचे ठसे नुसते काळे डाग आले. प्रत्येकीच्या नावापुढं कामाला लागल्याची तारीख मी एकच घातली. पाडव्याची. कोणी आठ वर्षं होती, कोणी दहा. त्यांना वाचता येत नव्हतं.

दुपारी ती आली. डाव्या हातात जेवणाचा टोप, उजवा हात पदराखाली. आता ती रोजच येत असे. म्हातारी पुन्हा पाटावर बसायला लागली होती, कारण घराचा पाट रिकामा राहून चालत नव्हतं, आणि सून तिला जेवण आणून देत होती. जे वाक्य मी त्यांना पढवलं होतं ते त्या दिवसांत असं खरं झालं होतं. ते आम्हाला सगळ्यांना दिसत होतं आणि कोणी त्यावरून हसत नव्हतं.

तिनं टोप सासूजवळ ठेवला आणि माझ्या टेबलाशी येऊन रजिस्टर पाहू लागली. मी पान मिटलं नाही. तिलाही वाचता येत नव्हतं, तरी ती एकेक ठसा बघत खाली खाली गेली.

"माझा नाव खंयच्या पानार आसा, शेटानू?"

थट्टेच्याच सुरात विचारलं होतं. पण मांगरातल्या सगळ्या थाप्या थांबल्या. मी म्हटलं, तुझं नाव यात नाही.

"होय मां," ती म्हणाली. "मी खंय कामाक होतंय. मीच सांगितलंय तसा."

मग टोपाचं झाकण उचलून तिनं सासूला वाढलं. डाव्या हातानं वाढताना भात थोडा बाहेर सांडला. म्हातारीनं तो वेचून पानात घेतला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी पन्नाशीला आलो. मांगराच्या जागी चिऱ्यांची इमारत आहे, पाट जाऊन बाकं आली आहेत. म्हातारी वारली तेव्हा सून माझ्याकडे आली होती. पाट जावेला द्या, म्हणाली. मी दिला. जावेचं नाव त्याच दिवशी रजिस्टरला घातलं, खऱ्या तारखेनं. म्हातारीच्या वारसांना तिचा फंड मिळाला तेव्हा तो कागद घ्यायला तीच डावा अंगठा घेऊन आली होती. पाडव्यापासूनचा होता तो. मी जवळ उभा राहून तिला कुठं अंगठा करायचा ते दाखवलं.

ते पत्र लिहायला मी दोन वेळा बसलो आहे. एकदा 'मागील नोंदीत अनवधानाने' असं लिहिलं आणि फाडलं, कारण अनवधान नव्हतं. दुसऱ्यांदा खरं लिहिलं आणि सहीपर्यंत आलो. वरच्या मजल्यावर मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती. पाहुणे माझं गावातलं नाव ऐकून आले होते. मी तेही फाडलं. ती अजून त्याच घरात असते, वायंगणाच्या कडेला. वाटेत भेटली की बाजूला उभी राहते, विचारते, शेटानू बरे आसास? मी बरा आहे म्हणतो.

त्या घराचं मी पुष्कळ केलं, असं लोक अजून म्हणतात. तांदूळ, औषध, पाट, सगळं मोजतात. मी काय देणं लागतो ते मला ठाऊक आहे. माझ्या सहीचं एक पत्र. त्यात तिचं नाव. ती सहा वर्षं माझ्याकडे बी फोडायच्या कामावर होती, आणि तिचा उजवा हात माझ्या भट्टीवर, मी सांगितलेलं काम करताना, कामाच्या वेळात जळला. हवालदारानं मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. हे पत्र मी अजून दिलेलं नाही.